संकेतांक चौदा

शेवटच्या रात्री प्रत्येक खोलीत एक कार्ड,
वर प्रश्न, खाली अकरा चौकटी:
या सफरीत तुम्हाला सर्वांत मोलाचं काय वाटलं?
पहाटे साउदॅम्प्टन यायच्या आत
सगळी कार्डं माझ्या टेबलावर,
आणि मी, नेरिसा, राहणार इलोइलो,
माणसांचे आकडे करायला बसलेली.

ब्रेमेनचे ओटोकार म्हणतात, बाल्कनी.
एकदाही बाहेर बसलो नाही, गार होतं,
पण दार होतं.
दार असणं: संकेतांक तीन.

लीड्सच्या दोघी बहिणी एकाच कार्डावर भांडल्यात.
एकीला मोठं जहाज हवं, ते हलत नाही,
दुसरीला लहान, त्यात हरवत नाही.
मधे मार्मलेडचा डाग.
त्याबद्दल मात्र दोघींचं एकमत.

कुणी लिहिलंय, कुठे रांग नव्हती.
कुणी, दुसऱ्याच संध्याकाळी वाढप्याला ठाऊक होतं
मी कांदा खात नाही ते.
पुढची ओळ खोडलीय, पण वाचता येते:
घरी अजून कुणाला ठाऊक नाही.

सात वर्षांच्या कॅस्परला टॉवेलचं माकड.
ती बेनिग्नो करतो, दिवसाला अठ्ठावीस.
बेनिग्नोला माकडं मुळीच आवडत नाहीत.

गाइरांगरला धबधब्यासमोर जहाज थांबलं
तेव्हा कर्ण्यावरून आम्ही धबधब्याची उंची सांगत होतो.
एक बाई लिहितात,
तेवढं बंद केलंत तर पुन्हा येईन.

मग खोली एकतीस-सतरा.
सर्वांत स्वस्त. खिडकी नाही, पायाखाली यंत्रघर.
विनिफ्रेड ऑल्डस, ग्रिम्सबी.
पहिल्याच दिवशी वरची खोली देऊ केली होती, फुकट.
नको म्हणाल्या, कारण सांगितलं नाही.
आता पेन्सिल दाबून लिहिलंय,
कार्ड उलटून मागेसुद्धा:

माझा नवरा एकतीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर,
इंजिनापाशी.
बाई चढली की अपशकुन, म्हणून मी धक्क्यापर्यंतच.
घरी आला की झोपायचा नाही.
रात्रभर या कुशीचा त्या कुशीवर,
मग स्वयंपाकघरातली खुर्ची.
मला वाटायचं, माझ्यातच काही उणं आहे.
एकदा विचारलं. म्हणाला, इथे फार शांत आहे.
मला तो टोमणा वाटला. तसाच जपून ठेवला.
तुमच्या जहाजावर मी अकरा रात्री झोपले.
तो बिचारा खरंच तेवढंच सांगत होता.

चौकटी सगळ्या कोऱ्या.
माझ्या यादीत जेवण आहे, स्वच्छता आहे,
करमणूक, किनाऱ्यावरच्या सहली, उशांची निवड.
इंजिनाचा आवाज एकाच जागी सापडतो.
चौदा: तक्रार.

मी चौदा टाकला. दुसरं काय टाकणार?
मार्चमध्ये जहाज गोदीत जाईल,
त्या भिंतीत आवाज गिळणारा थर भरतील,
आणि ग्रिम्सबीला एक दिलगिरीचं पत्र जाईल,
पुढच्या सफरीवर दहा टक्के सूट.

कार्ड मात्र गठ्ठ्यात परत ठेवलं नाही.

चार वाजता खाली गेले.
आमच्या खोल्या पाण्याच्या रेषेखाली,
त्याच यंत्राला पाठ लावून.
सहा वर्षं मी कानांत बोळे घालून झोपते.
काढले. ऐकलं.
नेहमीचीच घरघर. काही उमगलं नाही.
वरच्या बंकवर लुआल्हाती घोरत होती,
तिचंच जास्त ऐकू येत होतं.

बोळे पुन्हा घालता घालता मात्र
गेल्या सुट्टीतलं घर आठवलं.
जुना टेबलपंखा
भिंतीकडे तोंड करून
मी रात्रभर लावून ठेवायचे.
आई विजेच्या बिलाला भ्यायची.
अगं, भिंतीला कशाला वारा?

असू दे, म्हणायचे मी.
असू दे गं.